एवढंसं तोंड

बाबांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली तेव्हा तिथे टीव्ही नुकताच आला होता. गल्लीत तो फक्त आमच्याकडे, त्यामुळे संध्याकाळी ओळखीचे-अनोळखी सगळे चटईवर येऊन बसत. त्यात पांढऱ्या साडीतली एक म्हातारी असे. पदराला बांधलेल्या किल्ल्या चाचपत ती दाराशीच बसायची. तिचं नाव कुणी कधी विचारलं नाही.

नागपंचमीच्या संध्याकाळी जंगली प्राण्यांचा कार्यक्रम लागला. पडद्यावर फणा काढलेला नाग दिसताच आईनं धावत जाऊन टीव्हीपुढे दूध-लाह्यांची वाटी ठेवली आणि हात जोडले. सकाळपासून दारावर गारुडी आला नव्हता, मग हाच नाग! सगळे हसले, पण पाय मात्र पोटाशी घेऊन.

म्हातारी उठली. पुढे येऊन तिनं सरळ काचेवर, नागाच्या तोंडावरच हात ठेवला.

"माझा मुलगा नाग चावूनच गेला," ती बंगालीत म्हणाली. "तो नाग मला कुणी दाखवला नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, केवढा राक्षस असेल! आणि एवढंसं तोंड?"

आई जोडलेले हात सोडायचंच विसरली. पडद्यावरचा नाग गेला, हरणं आली, तरी म्हातारीचा हात तिथेच होता.

ती पुन्हा आली नाही. मी मात्र जन्मभर साप बघत फिरले. लोक फणा बघतात. मी आधी तोंड बघते, आणि दर वेळी तेवढीच हादरते.