सव्वीसवर थांबलेली भिंत

गणपत धुरीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. कुवेतमधल्या शुवैखला एका गॅरेजच्या वर आम्हा नऊ जणांची खोली होती आणि नळ एकच. चारनंतर रांग लागायची. गणपत त्याआधी आंघोळ उरकायचा, भात शिजवून डब्यात भरायचा आणि खाली जाऊन गाडीत पंप, पाइप, पंखे लावून ठेवायचा. साडेपाचला मालक इद्रीसभाई यायचे तेव्हा गाडी तयार असायची. पाच वर्षांत एकदाही एक पाइप कमी भरला नाही. मी त्याच्या जोडीला होतो, म्हणून सांगतो.

आमचं काम म्हणजे लोकांच्या घरात शिरलेलं पाणी काढणं. कुवेतला पाऊस थोडा; पण पडतो तेव्हा एका दुपारी सगळा पडतो आणि तळघरात जाऊन बसतो. तळघराला तिथे सर्दाब म्हणतात. पाऊस नसला की पाइप फुटतात. पाणी उपसायचं, गालिचे वर न्यायचे, भिंतीवरची जिप्समची शीट कमरेपर्यंत कापायची, ओल ओढणारं यंत्र लावायचं, मग नवी शीट आणि रंग. भिजलेला गालिचा चार माणसांचं ओझं असतो. आम्ही दोघं न्यायचो.

गणपत मूळचा सुतार, कणकवलीच्या अलीकडच्या गावातला. ओलं लाकूड जोडायचं नाही, हे त्याच्या हातातच होतं. ओल मोजायचं मीटर आमच्याकडे होतं. त्यावर बारा आलं की भिंत सुकली असं धरतात. पण गणपत तेवढ्यावर थांबायचा नाही. वीतभर प्लास्टिक तो भिंतीला चारही बाजूंनी पट्टीने चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकला आतून घाम दिसला तर भिंत बंद करायची नाही.

"गणपतभाऊ, दीवार सुखा रहे हो या पापड?" इद्रीसभाई विचारायचे.

"पापड दोन दिसांत सुकता," गणपत मला म्हणायचा.

आधी घरमालक थेट आम्हाला फोन करायचे. मग विमा कंपन्यांनी आपापल्या ठेकेदारांची यादी ठरवून टाकली. यादीतल्या कंपनीला बोलावलं तर घरमालकाला खिशात हात घालायला लागायचा नाही. आम्हाला बोलावलं तर आधी स्वतः भरा, मग विम्यामागे फिरा. कोण फिरणार? वर्षभरात इद्रीसभाईंच्या तीन गाड्यांची एक झाली.

त्याच वर्षी गावी गणपतची आई गंगूबाई अंगणातल्या न्हाणीच्या धोंडीवर घसरली. खुबा मोडला. ऑपरेशनमध्ये गणपतने साठवलेलं सगळं संपलं. तिला आता घरातच न्हाणीघर हवं होतं, भिंतीला धरायला दांडा असलेलं. बायको सुनंदा तोवर तिला पाटावर बसवून खोलीतच पुसून काढायची. गणपतचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, जानेवारीत संपत होता. इद्रीसभाईंचं काम टिकलं तरच तो पुढे मिळणार होता, आणि इकामा मिळाला तरच न्हाणीघर.

डिसेंबरात एक संधी आली. विमा कंपनीचा तपासनीस काशिफ इद्रीसभाईंना म्हणाला, अर्दियाला एका घरात पाइप फुटला आहे, हे एक काम करून दाखवा. तीन दिवसांत झालं तर यादीत नाव घालतो.

सर्दाबमध्ये घोट्यावर पाणी होतं. ज्या भिंतीतला पाइप फुटला होता, तिच्या मागे घरच्या स्वयंपाकिणीची खोली. अमिरुन्निसा, हैदराबादची, साठीची बाई. खोलीला खिडकी नव्हती. तिची खाट त्या भिंतीलाच टेकलेली. आम्ही पहिल्या दिवशी सोळा तास काम केलं, दुसऱ्या दिवशी चौदा.

"कितने दिन लगते भाई?" तिने विचारलं.

"पाच," गणपत म्हणाला. "पक्का पाच."

तिसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिक आतून भिजलेलं होतं. मीटरवर सव्वीस.

इद्रीसभाई आले. त्यांनी प्लास्टिक पाहिलं आणि तोंड फिरवलं. "बंद करो, गणपतभाऊ. आठ आदमी का इकामा है. तुम्हारा भी."

गणपत भिंतीकडे बघत उभा राहिला. मी शीट धरून उभा. शेवटी त्याने स्क्रू हातात घेतले. "धर," मला म्हणाला. भिंत बंद केली, सांधे भरले, रंग मारला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

मग इद्रीसभाईंनी त्याला फॉर्म दिला आणि ते काशिफला घ्यायला फाटकाकडे गेले. फॉर्ममध्ये तीन दिवसांचे तीन आकडे भरायचे होते. पहिल्या दोन ओळी भरलेल्या होत्या. तिसरीत काय लिहायचं ते इद्रीसभाईंनी सांगितलं नाही. सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही. गणपतने लिहिलं, सव्वीस.

काशिफने फॉर्म वाचला. "ये छब्बीस किसने लिखा?"

"मैंने."

"क्यों?"

"छब्बीस था."

काशिफ हसला नाही की चिडला नाही. "भाई, बाकी कंपनियों के सौ फॉर्म मेरे पास हैं. तीसरे दिन सबका बारा है."

"सौ दीवार एक साथ बारा पे कैसे सूखता है?" गणपतने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"दीवार नहीं सूखती. फॉर्म सूखता है," काशिफ म्हणाला आणि कागद घडी करून घेऊन गेला.

परतताना गाडीत इद्रीसभाई एवढंच बोलले, "बंद कर दी थी ना? फिर लिखा क्यों?" रात्री गणपत मला म्हणाला, "हातान खोटा केलंय. लिवन पण खोटा करूचा, ह्या माका सुचलाच नाय."

यादीत नाव आलं नाही. जानेवारीत इद्रीसभाईंनी गाडी विकून धंदा बंद केला. पण जायच्या आधी त्यांनी आमचे दोघांचे इकामे यादीतल्याच एका मोठ्या कंपनीत बदलून दिले. त्या माणसाचे उपकार विसरणार नाही.

तिथे वीस गाड्या, नवी यंत्रं, आणि तिसऱ्या दिवशी बारा. मुकादमाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. गणपत लिहू लागला. प्लास्टिक त्याने पुन्हा कुठल्या भिंतीला लावलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "बघून करूचा काय?"

मार्चमध्ये आम्हाला अर्दियाच्या त्याच घरी पाठवलं. भिंत खालून काळी पडली होती. हुकूम होता पुसून रंग मारायचा, अर्ध्या दिवसाचं काम. अमिरुन्निसाने गणपतला लगेच ओळखलं. तिला खोकला लागला होता.

"तुम तो पाँच दिन बोले थे ना, भाई?"

गणपतने फडकं ओलं केलं. काळं पुसलं, दोन हात रंग दिला. मग कुणी न सांगता तिची खाट भिंतीपासून हातभर ओढून खोलीच्या मधोमध केली. फॉर्मवर बारा लिहिलं. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

अशी दोन वर्षं काढून तो कायमचा गावी आला. आल्या आल्या न्हाणीघर बांधायला घेतलं. गिलावा झाला तसा गवंडी टाइल्स घेऊन आला. गणपतने त्याला परत पाठवलं आणि भिंतीला प्लास्टिक चिकटवलं. अकरा दिवस रोज पहाटे साडेतीनला उठून तो ते बघायचा.

"अरे, ही भित सुकासर मीच सुकान जायन," गंगूबाई आतून ओरडायची.

बाराव्या दिवशी टाइल्स बसल्या. गंगूबाईने तिथे माघापासून वैशाखापर्यंत आंघोळ केली. मिरगाआधी ती गेली.

मागच्या श्रावणात मी त्याच्याकडे गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस. मी आत जाऊन भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी. सात वर्षांच्या कुवेतच्या पगारातून, ऑपरेशन वजा जाता, गणपतचं झालं ते एवढंच. पाच बाय सहाचं न्हाणीघर, एक नळ आणि भिंतीला स्टीलचा दांडा.