दुसऱ्या भागात न आलेली तीन माणसं

मढ्यांच्या त्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग ज्यांनी बनवला, त्यांच्यावर माझा अजून राग आहे. पहिल्या भागात पाच माणसं जीव वाचवून गावाबाहेर पडली होती. दुसरा भाग लावला तर पडद्यावर दोनच, तरुण पोलीस आणि कॉलेजातली मुलगी. ट्रक चालवणारी बाई नाही, आचारी नाही, म्हातारा मिस्त्रीही नाही. सुरुवातीला एक ओळ येऊन गेली, की बाकीचे तिघे दुसऱ्या शहराकडे निघून गेले. ती मी सासूबाईंना मराठीत सांगितली. गेले म्हणजे येतील की, असं म्हणून त्या निवांत टेकून बसल्या.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या नाटे गावच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. झोंबी हा शब्द त्यांनी एकदाच ऐकला आणि बाजूला ठेवला. चालतंय, कुजलंय, म्हणजे मढंच ते, मग आम्हीही मढीच म्हणू लागलो. गेम घरात आणला माझ्या नवऱ्याने. तो मालवाहू बोटीवर इंजिनियर आहे, सहा-सात महिने बोटीवर आणि दोन महिने रत्नागिरीत. मागच्या सुट्टीत आम्ही तिघांनी मिळून पहिला भाग संपवला होता. बटणं त्याच्या हातात, नकाशा माझ्याकडे, आणि आई पलंगावर मांडी घालून कोण कुठून येतंय ते बघणार. त्या दोन महिन्यांत मी जितकी हसले तितकी वर्षभरात हसत नाही. दुसरा भाग आला तेव्हा तो बोटीवर होता. माझी वाट बघू नका, खेळा आणि मला सांगा, असं त्याने फोनवर बजावलं.

खेळताना आमची एक चूक झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकते. आमच्याकडे जो घरी नाही त्याचा वाटा आधी काढतात. सुरमई आणली की चार तुकड्या फ्रीजरमध्ये, त्या सहा महिन्यांनी का होईना, त्यानेच खायच्या. गेममध्ये तळावर सामान ठेवायची एक पेटी असते. आईंनी फर्मान काढलं की मिळेल त्यातलं चांगलं औषध, गोळ्या, डबे, सगळं त्या तिघांसाठी पेटीत ठेवायचं. परिणाम असा की पेटी भरलेली आणि आमचा पोलीस लंगडत, हातात काठी घेऊन मढ्यांशी लढतोय. एका पुलावर आम्ही इतक्या वेळा मेलो, की मला तो पूल स्वप्नात दिसायला लागला. मी हातापाया पडून एक औषध मागितलं, तर त्या म्हणाल्या, ती माणसं दुखणी घेऊन आली तर त्यांना काय देशील? मिरजोळ्याला मी ज्या कारखान्यात काम करते, तिथल्या एका सहकाऱ्याच्या मुलीने हा भाग चार दिवसांत संपवला होता. आम्हाला दीड महिना लागला.

आणि शेवटपर्यंत ते तिघे आलेच नाहीत. बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकायला लागली, पेटी तशीच भरलेली. आईंनी टीव्ही बंद करायला लावला आणि तासभर माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू गेम मीच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मागच्या पडवीत आम्ही कोळंबी सोलत बसलो होतो, आणि आईंनी एकदम विचारलं, ट्रकवाली असती तर काय झालं असतं? मी म्हटलं, निम्मा गेम झालाच नसता. ती दोघं अख्खा घाट पायी उतरतात, मागे मढी. तिने त्यांना केबिनमध्ये बसवून, उतारावर एकही गिअर न चुकवता, दुपारच्या जेवणाला समुद्रावर आणून सोडलं असतं. आईंनी त्यात भर घातली की तिने वाटेत मढ्यांनाही बसवलं असतं, मागच्या हौद्यात, भाडं घेऊन.

मग आचाऱ्याची पाळी आली. तो असता तर त्याने तळावर कुळथाची पिठी शिजवली असती, हे आईंनी ठरवून टाकलं. वासाने मढी येणार, ही माझी शंका. येऊ देत, त्या म्हणाल्या, पंगत बसवायची. ती माणसं कुणाच्या तरी घरचीच ना, किती वर्षं त्यांना कुणी जेवायला म्हटलेलं नाही. तोंडात गरम घास गेला की निम्मी तिथेच आडवी होऊन झोपतील. माझ्या डोळ्यांतून हसून पाणी आलं आणि हात कोळंबीचे, पुसता येईना.

हे सगळं मी नंतर फोनवर बोलून रेकॉर्ड केलं आणि नवऱ्याला पाठवलं. बोटीवर नेट मिळेल तेव्हा तो ऐकायचा. त्याने ते जेवणाच्या खोलीत सगळ्यांना ऐकवलं, हिंदीत अर्थ सांगून, आणि आता बोटीवरचा स्वयंपाकी कुळीथ म्हणजे काय ते विचारतोय असा निरोप आला. मिस्त्रीचं काय, तेही लवकर सांगा, अशी मागणी होती.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट चालली होती. इथल्या किनाऱ्यावर बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात त्याला नोकरी मिळत होती. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हो म्हटलं तर बोट कायमची सुटणार आणि तो रोज संध्याकाळी घरी येणार. बुधवारी त्याचा फोन आला. तो म्हणाला, "तिथं येऊन मी करू काय? तुमचं माझ्यावाचून काही अडत नाही."

चूक त्याची नव्हती. आईंच्या घरचा नियम असा, की दर्यावर गेलेल्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही, त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. त्यांनी तो स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीत पाळला आणि लग्नानंतर मला शिकवला. मीही अकरा वर्षं इमानदारीने पाळला. काहीही होवो, फोनवर मी सगळं बरं आहे म्हणायचे. आम्ही दोघं देवरूखच्या कॉलेजात एका वर्गात होतो, मी त्याला अरे-तुरे करते, त्याच्याशी वाटेल ते बोलते, पण ये म्हणायला माझी जीभ रेटेना. तुझं तू ठरव, एवढंच म्हणाले. नंतर स्वतःचाच इतका राग आला, की भांडी आपटत घासली. आईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

शुक्रवारी संध्याकाळी त्याला चांगलं नेट मिळालं आणि त्याने व्हिडिओ कॉल लावला. मिस्त्रीची गोष्ट हवी होती. आईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सुरू केलं. मिस्त्री असता तर विहिरीवरचा पंप तीन दिवस बंद पडून राहिला नसता. त्या मुलीला कामावरून येऊन पायऱ्यांवरून कळशा चढवाव्या लागल्या नसत्या. मी बघतच राहिले, कारण गेममध्ये विहीरच नाही. तो मात्र अजून हसत होता. आई पुढे म्हणाल्या, मग तिला हातभार लावायला घरातली म्हातारी खाली उतरली नसती, घसरली नसती, आणि महिनाभर पाय प्लास्टरमध्ये घालून, फोन आला की तो फक्त तोंडासमोर धरून बसली नसती.

त्याचं हसू थांबलं. "आई, गेममध्ये म्हातारी कुठं आहे?"

"नाय. म्हातारी मी," आई म्हणाल्या. "पायपण माझाच."

तो चिडला. मला का नाही सांगितलं, असं त्याने दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. आईंनी शांतपणे विचारलं, सांगून तू तिथनं काय करणार होतास?

"काही नाही," तो म्हणाला. "पण मी घरात लागतो, एवढं तरी मला कळलं असतं."

आपण त्याला जपतोय असं समजून आम्ही दोघींनी त्या माणसाला अकरा वर्षं त्याच्याच घराबाहेर उभं केलं होतं. मी फोन आईंच्या हातातून ओढून घेतला. "पंपाला माणूस मिळतो रे. मला तू हवा आहेस. ये."

मग तिथेच, आमच्यासमोर, त्याने होकाराचं पत्र लिहायला घेतलं आणि एकेक ओळ आम्हाला मराठीत सांगू लागला. मी डोळे पुसत हसत होते. शेवटच्या ओळीला आईंनी त्याला थांबवलं. शिमग्याची सुट्टी आत्ताच मागून ठेव म्हणाल्या, नंतर ही माणसं देत नाहीत. नोकरीवर रुजू होण्याआधी कुणी सुट्टी मागत नाही, हे तो त्यांना पाच मिनिटं समजावत होता. शेवटी त्याने मागितली, देवाची पालखी घरी येते त्या दिवसासकट.