अंगठीला गुंडाळलेला दोरा

लोक लग्नाचा मुहूर्त धरायच्या आधी मी मोकळा आहे का ते विचारतात. ही बढाई नाही. बढाई मारायचीच झाली तर मी याहून मोठी मारीन. माकणीपासून नळदुर्गापर्यंत मांडव कुणाचाही असो, माइक माझ्या हातात असतो. पाहुण्यांचं स्वागत, फेट्यांचे मान, नवरदेवाच्या मामाची थट्टा, जेवायला कधी बसायचं त्याचा हुकूम, सगळं माझ्या तोंडून. त्यामुळं बायको जाऊन वर्ष उलटलं आणि मुलाचा साखरपुडा ठरला, तेव्हा घरचा कार्यमालक माइक धरत नसतो, असं म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मला ते बरंच वाटलं. माइकवर आवाज चिरकला तरी लोकांना वाटतं, गडी रंगात आलाय.

भानगड होती अंगठीची.

आमच्या घरात एक जुनी अंगठी होती. निजामाच्या राजवटीत घडवलेली, आजीच्या सासूची म्हणतात. वर कसलंसं फूल कोरलेलं, ते चार पिढ्यांच्या भाकरीच्या पिठानं झिजून सपाट झालेलं. घरच्या थोरल्या सुनेच्या बोटात साखरपुड्याला तीच घालायची, असा रिवाज. माझ्या बायकोच्या बोटात मीच ती घातली होती. घालताना एक विनोद केला होता, तो तिला शेवटपर्यंत आवडला नाही.

आजारपणात सोलापूरच्या दवाखान्याच्या चकरा मारून मारून ती इतकी वाळली, की भाकरी करताना अंगठी गळून काठवटीत पडायची. सोनाराकडून बारीक करून आणू म्हटलं, तर म्हणाली, "अन् मी परत जाड झाल्यावर?" मग शिवणाचा पांढरा दोरा घेऊन ती अंगठीच्या खालच्या कड्याला गुंडाळायला बसली. टोक मला धरायला दिलं.

"नीट धरा. भाषण देऊ नका."

"मी कुठं काय बोलायलोय?"

"तुमचा हात बोलायलाय."

तो दोरा पिठानं घट्ट झाला, हळदीनं पिवळा पडला. अंगठी पुन्हा सैल झाली की ती त्यावरच आणखी वेढे देई. दवाखान्यात तिचं वजन करायचे, कागदावर लिहायचे. मी कागद बघत नव्हतो. मी दोरा बघायचो.

ती गेली तेव्हा बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. येईल तो म्हणे, भाग्याची गेली, नवऱ्याच्या आधी गेली. म्हणजे तिचं भाग्य ते मी. हे भाग्य तेव्हा बनियनवर भिंतीला टेकून उभं होतं आणि धोतर नेसायचं का लुंगी चालेल, असं लोकांना विचारत होतं. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, तिच्या बोटातली अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली. काढायला जोर लागलाच नाही. मी ती करंगळीत घातली, आणि वर्षभर आतला दोरा अंगठ्यानं चाचपत राहिलो.

साखरपुडा ठरल्यावर मी म्हटलं, धाराशिवला जाऊन पोरीला नवी अंगठी घेऊ. अक्का आमच्या इकडच्याच वाशीहून खास तेवढ्यासाठी आली.

"नवी कशाला? अहेव गेलेल्या बाईची अंगठी हाय. अशी मागून मिळत न्हाय कुणाला."

"जुनी झालीय ती."

"तू बी जुना झालास. तुला टाकून दिलं का आमी?"

"अक्का, राहू दे ना माझ्याकडं."

"अन् काय करणार? करंगळीत घालून हिंडायलास, बायामाणसावानी. सुनंची वस्तू हाय ती. सुनंला जाऊ दे."

मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता. म्हणाला, "अण्णा, तुमच्या मनात नसंल तर नको." वाक्य इतकं मायेचं होतं, की त्यानंतर नको म्हणायची सोयच उरली नाही. मी म्हटलं, "घ्या. फक्त दोरा काढू नका."

"कशाला काढतोय? पोरगी बी काडीच हाय. लागंलच की दोरा," अक्का म्हणाली.

मी मनाची समजूत घातली. अंगठी सुनेच्या बोटात, सून आमच्या घरात, म्हणजे दोरा घरातच राहिला.

साखरपुडा नळदुर्गात, हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात. बाहेर ट्रक हॉर्न वाजवत जायचे, आत मी. पोरगी काडी होती हे खरं. पण घरी म्हशी, दोन्ही वेळची धार तीच काढायची, आणि बोटांची पेरं चांगली टणक होती. ओटी भरून झाली, मुलानं अंगठी घातली आणि ती मधल्या पेरावर अडली.

मी लगेच माइकवर: "मंडळी, अंगठी म्हणायलीय, आधी उखाणा, मग पुढं सरकंन."

लोक हसले. फोटोग्राफर म्हणाला, "तसंच थांबा दादा, छान यायलंय." मुलानं जोर लावला. पोरीनं ओठ चावला. मग तिची मावशी वाकून बघत म्हणाली, "आवं, आत दोरा हाय की गुंडाळलेला. तो काढा. पार्लरवाल्या ताई, तुमची कात्री द्या बघू हिकडं."

मुलानं मान वर केली आणि सगळ्या गर्दीतून माझ्याकडं बघितलं. अक्कानंही बघितलं. पार्लरवाल्या बाईंची पेटी उघडली. एक शब्द पुरला असता, आणि तो सगळ्या कार्यालयाला ऐकू गेला असता. मी तोंड उघडलं.

"कापा, कापा," मी म्हणालो. "फीत कापल्याबगर कुठं उद्घाटन होतंय का?"

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तो. कात्री चालली. अंगठी मापानं घडवल्यासारखी बसली. अक्काच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं. मी माइकवरून टाळ्या मागितल्या, त्या मिळाल्या.

फोटो संपून पाट हलला तेव्हा मी तिकडं गेलो. तोवर कार्यालयाच्या बाईनं अक्षता, फुलं, सगळं झाडून मागं नेलं होतं. मी मागं गेलो. पत्रावळींच्या ढिगाशेजारी तो केर पडला होता. त्यात हारांचे दोरे होते, गजऱ्यांचे होते, कुठल्याशा झालरीचे होते. सगळे पांढरे, सगळ्यांना हळदीकुंकू लागलेलं. मी उकिडवा बसलो आणि एकेक उचलून अंगठ्याखाली चोळून बघू लागलो. आंधळा झालो असतो तरी तो दोरा ओळखला असता, अशी माझी समजूत होती. नाही ओळखता आला. तीन दोऱ्यांशी थांबलो, आणि तिन्ही तेच वाटले.

"अण्णा, काय शोधायलाव?" मुलगा मागं उभा होता, शेरवानीत.

"चप्पल."

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. दोन्ही चपला पायांत होत्या. मग तो शेरवानी वर धरून माझ्याशेजारी बसला आणि फुलं बाजूला सारायला लागला.

"कसली होती?" त्यानं विचारलं.

"साधीच."

"सापडंल."

आतून हाका यायला लागल्या. पंगत खोळंबली होती. मी सांगितल्याशिवाय कुणी बसत नव्हतं. मी उठलो, हात धुतले, माइक घेतला आणि मंडळींना बसायला सांगितलं. उशिरा आलेल्या काही पाहुण्यांच्या कानावर कात्रीचा किस्सा गेला होता, त्यांना तो माझ्या तोंडून ऐकायचा होता. मी सांगितला. दुसऱ्यांदा तो जास्त चांगला जमला.