खिडकीवाली खोली

बोट वर आणि टोकाला जास्त हलते, खाली मधोमध सगळ्यात कमी. हे मला आधीपासून पक्कं ठाऊक होतं. सुरतेजवळ इच्छापोरच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं बोटींची ड्रॉइंग काढतोय.

माझी ताई कतारगामच्या मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. जन्मभर फळ्यावर प्रवाळ काढलं, डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. म्हणून या वयात ती डायव्हिंग शिकली, सोबतीला मलाही शिकायला लावलं, आणि आम्ही अंदमानला गेलो. चार दिवस बोटीवरच राहायचं आणि रोज पाण्याखाली उतरायचं, अशी ती सहल होती.

आमच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. एक वर, पुढच्या टोकाला, मोठ्या खिडकीची. दुसरी खाली मधोमध, कोंदट. मला गाडी लागते. लहानपणी बारडोली येईतो दोनदा ओकायचो. मी साळसूदपणे म्हणालो, "ताई, वरची तू घे. समुद्र दिसेल."

"आनि तुले नको का रे खिडकी?"

"मला काय करायचीय!"

तिचे डोळे भरून आले. मला तेव्हा लाज वाटली नाही, हेही लिहून टाकतो.

त्याच संध्याकाळी वारा सुटला. ताईला ओकाऱ्या सुरू झाल्या त्या थांबेनात, गोळ्यासुद्धा पोटात राहीनात. सकाळी मी लिंबू घेऊन वर गेलो, तेव्हा तिने विचारलं, "खाले कमी हालस का रे?"

चोराच्या मनात चांदणं. "छे, सगळीकडे सारखंच," मी म्हणालो.

अशा अवस्थेत गाइड तिला पाण्यात सोडायला तयार नव्हता. चारही दिवस नाही. मी मात्र उतरलो आणि वर येऊन तिला रंगवून रंगवून सांगितलं. ती मांडीवर बादली घेऊन ऐकायची. मध्येच विचारायची, हरणाच्या शिंगांसारखं होतं का? होतं. अगदी तिच्या फळ्यावरच्यासारखं.

सुरतेला परतल्यावर ती घरोघर सांगू लागली, "माले खिडकीवाली खोली दिन्ही मना भाऊनी, अन् सोता अंधारामा झोपना!" लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि मी चहा पीत राहतो.

गेल्या रविवारी ती घरी आली. पुन्हा अंदमानला जायचं तिने ठरवलंय. "या टायमाले वरली खोली तुनी," ती म्हणाली. "खाले मी झोपसू."

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ताई, खालचीच चांगली असते, मला माहीत होतं. मी बशी खाली ठेवली. घसा साफ केला.

"नको ताई," मी म्हणालो, "खिडकी तूच घे."

ती पदराने डोळे पुसू लागली.