त्याचं हाड धरलं

श्रीरामपूरच्या दातांच्या दवाखान्यात आम्ही शेजारी बसायचो. तो डाळिंबवाला, मी मास्तर. दोघांच्याही जबड्यात डॉक्टरांनी एकाच दिवशी, पुढे नवा दात बसवता यावा म्हणून, हाडाची भुकटी भरून वर पातळ पडदा टाकला होता आणि हिरडी शिवली होती. त्याचं हाड धरलं, जबड्याशी एकजीव झालं. माझे टाके उसवले, पडदा उघडा पडला. सगळी पथ्यं पाळली ती मी, आणि हाड धरलं याचं. मला त्याचं तोंड बघवेना.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलंच.

त्याने सवयीने गालावर तळवा ठेवला. "काय न्हाई, गुरुजी. डाळिंबाच्या फांदीला कलमाची गुटी बांधली की मुळं फुटंपर्यंत उकलून बघत न्हाई आमी. हे बी तसंच ठिवलं."

मी रोज तीनदा ओठ ताणून बघत होतो.

घरी आलो आणि चप्पल न काढताच आरशापुढे गेलो.