माना खाली घालून

कूलरमधल्या ओल्या खसाचा वास आला की मला रायपूरचा आमचा पहिला उन्हाळा आठवतो. नागपूरहून बदली होऊन आम्ही तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीजवळ राहायला आलो होतो. खिडकी पुसली तरी तासाभरात तिच्यावर कारखान्यांची काळी धूळ बसायची. माझी दहा वर्षांची मुलगी या नव्या गावात कोणाशी बोलेचना. दिवसभर मोबाइलवर गेम. गेमनेच पोरगी मुकी केली, असं मला वाटे. एका दुपारी टरबूज कापून तिच्या खोलीकडे नेलं, तर आतून तिचाच खणखणीत आवाज आला, "रो मत, मेरे पीछे-पीछे चल, मैं हूँ ना!" हेडफोन बिघडला होता, म्हणून गेममध्ये पलीकडून खेळणाऱ्या कुठल्याशा लहान मुलीचं मुसमुसणंही ऐकू येत होतं. "सब हँस रहे थे उस पर," मुलीने नंतर गेमच्याच हिंदीत सांगितलं. मी म्हटलं, "तिथं तं इतकं बोलून राहिली होती, अन् घरी कोणी आलं की काहून चूप होते?" ती म्हणाली, "वहाँ मुझे कोई देखता नहीं." दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी आली, तेव्हा मी नेहमीसारखं "बोल ना" म्हटलं नाही. दोघींपुढे लोणच्याच्या कैऱ्या पुसायला ठेवल्या आणि आत गेले. माना खाली घालून पुसता पुसता आधी शेजारची बोलली, मग माझी मुलगी, आणि थोड्या वेळाने ती मोठ्याने हसली. गेम काही तिने सोडला नाही. गेममुळे मुलांचं काय होतं, ते मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही. पण एखादं लाजरं मूल घरी आलं की मी त्याच्याकडे बघत नाही. शेंगा निवडायला घेते आणि अर्ध्या त्याच्यापुढे सरकवते.