साहेबांसमोर न घेतलेलं नाव

मुलाखतीत पोराची हुशारी समजते, असं कोणी म्हटलं की मले हसू नाई येत, राग येतो. वारलूची मुलाखत मी ह्या कानांनी ऐकली आहे.

मी इनायत, चांद्याच्या शिंप्याचा पोरगा. वारलू माह्या नागपूरच्या कॉलेजातला सोबती, दोघंही एकाच खोलीत. तो पार एटापल्लीच्या पलीकडचा. सत्तावनच्या फाल्गुनात प्रिन्सिपलसाहेबांनी सांगितलं, लाकडाची एक मोठी कंपनी कॉलेजातच येऊन शेवटल्या वर्षाचा एक पोरगा निवडून नेणार. काम आपल्याच चांदा जिल्ह्याच्या जंगलात, मजुरांवर देखरेखीचं. वारलू त्या रात्री जेवलाच नाई, एवढा खूश. बाप लहानपणीच गेलेला. माय शकुबाईनं मोहफुलं अन् डिंक वेचून याले बी.एस्सी.पर्यंत आणलं. नोकरी लागली की मायचं जंगलात जाणं बंद करायचं, हे एकच भूत त्याच्या डोक्यात.

मग काय, तयारी. माह्या अब्बांनी एका वकिलाचा जुना कोट उसवला, उलटवला अन् वारलूच्या मापानं शिवून देला. बूट मागून आणले. ते घालून बिचारा व्हरांड्यात असा चाले, जसं काट्यांवरून चालून राह्यला. मी खाटेवर पाय पसरून साहेब व्हायचो अन् इंग्रजीत सवाल टाकायचो. सागाची उमर कशी ओळखायची, मजूर पळाले त काय करशील. पोरगं पटापट उत्तरं दे. मले वाटलं, घास हातातोंडाशी आला.

मुलाखतीच्या दिवशी मी प्रिन्सिपलच्या खोलीबाहेर पडद्याआड उभा होतो. सुरुवात झकास झाली. मग एका साहेबानं मराठीत विचारलं, आमच्या मजुरांना जंगलात सगळ्यात मोठी भीती कशाची? वारलू म्हणाला, अस्वलाची. आणखी? सापाची. आणखी? वारलू थांबला. मग हळूच म्हणाला, मोठ्या जनावराची.

साहेबानं विचारलं, हत्ती का? वारलू म्हणाला, नाही. मग त्याचं नाव सांग, साहेब म्हणाला. वारलू गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. आत हशा पिकला. जंगलातल्या पोराला वाघ ठाऊक नाही, म्हणून एक साहेब दुसऱ्याले इंग्रजीत सांगून राह्यला होता, अन् आमचे प्रिन्सिपलही हसले. नोकरी लागली सीताबर्डीच्या एका पोराले. त्यानं आयुष्यात वाघ पाह्यला तो महाराजबागेच्या पिंजऱ्यात.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. वारलूले धरून मी विचारलं, एक शब्द बोलाले तुह्यं काय जात होतं बे? तेव्हा कुठी त्यानं सांगितलं. त्यांच्याकडे घरचं माणूस जंगलात असलं की त्या जनावराचं नाव घेत नाईत. घेतलं की ते येतं. अन् मोहाचे दिवस, माय जंगलात होती.

"अबे, इंग्रजीत त घ्याचं होतं!" मी ओरडलो.

"त्याले काय इंग्रजी समजत नाई?" वारलू म्हणाला. तो मजाक करत नोता.

परीक्षा झाल्यावर मी त्याच्यासंग गावी गेलो. चांद्याहून ट्रकनं, पुढे बैलगाडीनं. शकुबाई आंगणात मोहफुलं वाळत टाकून राह्यली होती. मले भाकर-चटणी देली, मग पोराले विचारलं, नोकरीचं काय झालं? वारलूनं सगळं सांगितलं. खरं सांगतो, त्याच्या तोंडावर थोडा गर्व होता. मायसाठी एवढं केलं म्हणून ती पाठीवर हात फिरवील, असं त्याले वाटलं असंल. मलेही तसंच वाटलं होतं.

ती फुलं पसरवत राह्यली. मग वर न पाहता म्हणाली, "घ्याचं होतं बाबू नाव. तुह्या बापानं जलमभर नाई घेतलं. तरी त्या जनावरानंच नेलं ना त्याले."

वारलू उठून घरामागं गेला, तो जेवाले आलाच नाई. पहाटे मले जाग आली तेव्हा शकुबाई जंगलात निघून गेली होती.